‘फॉरमॅट मारावा लागेल’ हे ऐकण्याआधी... घरचा संगणक बिघडला तर गोंडपिपरीत मदत कुठे?

विश्लेषण : शिष्यवृत्तीपासून पीक विम्यापर्यंत सगळे अर्ज ऑनलाइन झाले. ज्या यंत्रावर ते भरायचे ते बंद पडले, तर मदत मात्र ओळखीवर चालते. बिघाड कसा सांगायचा, काय घरी करायचे, कोणाकडे जायचे आणि कोणाला फोन अजिबात करायचा नाही?

गोंडपिपरी तालुक्यातील धाबा किंवा भंगाराम तळोधीसारख्या गावात घरचा संगणक बंद पडला, तर तो पिशवीत घालून आधी तालुक्याला न्यावा लागतो. तिथे जमले नाही तर कोठारी, बल्लारपूर करत थेट चंद्रपूर. म्हणजे ५०-६० किलोमीटर जाणे, तेवढेच येणे आणि एका दिवसाची मजुरी किंवा कॉलेज बुडणे. एवढे करून दुकानात अनेकदा एकच वाक्य कानावर पडते, ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ संगणक सुरू होतो, पण घरच्यांचे फोटो, दुकानाचा हिशेब, मुलीच्या प्रकल्पाची फाइल गेलेली असते. यातले बरेचसे नुकसान टाळता येते.

हा प्रश्न मोबाइलच्या काळात का?

मोबाइल घरोघरी आहे, संगणक नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८ मधील ७५व्या फेरीनुसार देशातील ग्रामीण भागात जेमतेम ४.४ टक्के घरांत संगणक होता, शहरी भागात २३.४ टक्के. त्यामुळे गावातला एक संगणक एका घराचा राहत नाही. शेजारची मुलगी त्यावर ‘महाडीबीटी’चा अर्ज भरते, पुतण्या पोलीस भरतीचा फोटो ठरलेल्या केबीत बसवतो, कोणी जातवैधतेची कागदपत्रे एका पीडीएफमध्ये जोडतो. मोबाइलवर हे जमत नाही असे नाही. पण फाइल लहान करणे, जोडणे, छापणे यासाठी शेवटी संगणकच बरा पडतो.

म्हणूनच असा एक संगणक बंद पडला की चार घरांची कामे अडतात. अर्जाची शेवटची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

या भागात संगणक लवकर का बिघडतो?

पहिले कारण ऊन. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पत्र्याच्या खोलीत तर उष्णता आणखी वाढते. लॅपटॉपच्या जाळीत धूळ बसली की आतला पंखा जोरात फिरतो, प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो किंवा बंद पडतो. लोक त्याला व्हायरस समजतात. अशा वेळी गादीवर ठेवलेला लॅपटॉप टेबलावर आणणे आणि वर्षातून एकदा धूळ काढून घेणे, एवढा उपचार पुरतो.

दुसरे कारण वीज. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. पण वीज जिल्ह्यात तयार होते म्हणून शेवटच्या खांबावरच्या घरात व्होल्टेज स्थिर राहतेच असे नाही. वादळात तार तुटते, वीज जाते-येते आणि विंडोज अपडेट अर्धवट राहते. साध्या हार्ड डिस्कला चालू असताना अचानक वीज जाणे सर्वाधिक मारक. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरचा खर्च हौसेचा नाही. बॅटरी पाच मिनिटे टिकली, तरी संगणक नीट बंद करता येतो.

बिघाड सांगायचा कसा?

घरात एक इंजिनीअर असला की सगळ्या नात्यांचे फोन त्याला येतात. मलाही येतात. संवाद साधारण असा असतो : ‘अरे, कम्प्युटर चालून नाही राहिला.’ ‘काका, स्क्रीनवर काय लिहिलं आहे?’ ‘काहीतरी इंग्रजीत येऊन राहिलं. मी ओके दाबलं.’ उत्तर त्या दाबलेल्या ओकेमध्येच असते.

‘चालत नाही’ हा बिघाड नाही, ती तक्रार आहे. डॉक्टरकडे ‘बरं नाही’ एवढेच सांगून भागत नाही, तसेच हे. कोणालाही फोन करण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा. एक, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा. लिहिणे जड जात असेल तर मोबाइलने फोटो काढा. दोन, त्याआधी काय झाले होते : वीज गेली, नवा प्रिंटर जोडला, कोणी पेन ड्राइव्ह लावला? तीन, हे दर वेळी होते की कधीतरी? चार, यंत्राची कंपनी, मॉडेल आणि विंडोज कितवे. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘सिस्टिम’ आणि त्याखाली ‘अबाउट’ उघडले की यातली बहुतेक माहिती दिसते.

एवढे हाताशी असेल तर समोरचा माणूस पुण्यात असो की गोंडपिपरीच्या बसस्टँडजवळ, निम्मे काम झालेले असते. ‘काहीतरी इंग्रजीत येतं’ एवढ्यावर मात्र चांगला तंत्रज्ञही अंदाजच करू शकतो. फॉरमॅट हा त्या अंदाजातला सर्वात सोपा आणि तुमच्यासाठी सर्वात महागडा.

घरीच सुटणारे प्रश्न कोणते?

सर्वात आधी ‘रीस्टार्ट’. यात एक खोच आहे. विंडोज ८पासून ‘शट डाऊन’ केल्यावर संगणक बहुधा पूर्ण कोरा होत नाही. लवकर सुरू व्हावे म्हणून प्रणालीची काही स्थिती तो जपून ठेवतो आणि अडकलेली गोष्ट पुन्हा तशीच जागी होते. ‘रीस्टार्ट’मध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. त्यामुळे रात्री बंद करून सकाळी लावले तरी फरक पडला नाही, म्हणून निराश होऊ नका. मेनूतून ‘रीस्टार्ट’ दाबून पाहा.

इंटरनेट चालत नसेल तर दोष कुठे आहे ते आधी वेगळे काढा. मोबाइलचा हॉटस्पॉट संगणकाला जोडा. त्यावर चालले तर संगणक ठीक, अडचण ब्रॉडबँड किंवा राउटरची.

बँकेचे किंवा शासनाचे संकेतस्थळ ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असे सांगत असेल तर कोपऱ्यातली तारीख बघा. जुन्या डेस्कटॉपमध्ये ‘सीआर २०३२’ नावाचा नाण्याएवढा सेल असतो. मुख्य वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो. तो संपला की संगणक काही वर्षे मागे जातो. संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचे असते. चुकीच्या तारखेच्या संगणकाला ते मुदतीबाहेरचे वाटते आणि तो दार लावून घेतो. तारीख दुरुस्त करा, पान उघडेल. दर वेळी तारीख मागे जात असेल तर सेल बदला. याला फॉरमॅट लागत नाही.

प्रिंटर ‘ऑफलाइन’ दाखवत असेल तर प्रिंटर बंद-चालू करा, केबल काढून घाला आणि रांगेत अडकलेली जुनी कामे रद्द करा. शाईचा प्रिंटर उन्हाळ्यात महिनाभर पडून राहिला तर शाई तोंडाशी वाळते. आठवड्याला एक रंगीत पान काढणे हा त्यावरचा स्वस्त इलाज.

मराठी फाइल दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य चिन्हांत दिसत असेल तर ती बहुधा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. ती फाइल खराब झालेली नाही. तो फॉन्ट टाकला किंवा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला की ती वाचता येते. नवे लेखन युनिकोडमध्येच करावे. ‘आई’साठी इंग्रजी अक्षरे दाबून मराठी उमटवणारा फोनेटिक कळफलक २०१९ पासून विंडोजमध्येच आहे. वेगळे काही विकत घ्यायला नको.

आणि पंखा फिरतोय, बीप ऐकू येतोय, पण पडदा काळा आहे असे असेल, तर रॅम सैल झाली असण्याची शक्यता मोठी. रॅम काढून, तिची टोके पुसून नीट बसवणे हे तंत्रज्ञाचे पाच मिनिटांचे काम आहे. त्यातही फायली जात नाहीत.

दुकानात नेताना काय बोलायचे?

पहिले वाक्य हे असू द्या : ‘भाऊ, मला न विचारता फॉरमॅट करू नका.’ फायली वाचवायच्या आहेत, हे पावतीवर लिहून घ्या. बिघडलेले विंडोज आणि बिघडलेली डिस्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विंडोज सुरू होत नसले तरी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून फायली बहुधा काढता येतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मात्र यंत्र लगेच बंद करा. पुन्हा पुन्हा चालू करून पाहण्यात उरलेलेही जाते.

दुरुस्तीआधी अंदाजे खर्च विचारा. बदललेला जुना भाग परत मागा. नव्या भागाचे बिल आणि वॉरंटी घ्या. यंत्र वॉरंटीत असेल तर कंपनीच्या केंद्राला विचारल्याशिवाय उघडू देऊ नका. कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केले. दुरुस्ती आणि सुट्या भागांची माहिती कंपन्यांनी ग्राहकाला एका ठिकाणी द्यावी, हा त्यामागचा हेतू.

तालुक्याच्या ठिकाणी आणखी एक गोष्ट सर्रास चालते : परवान्याशिवायचे विंडोज ‘ॲक्टिव्हेट’ करून देणे. त्यासाठी वापरलेली फुकट साधने अँटिव्हायरस बंद करायला लावतात आणि त्यांच्यासोबत काय आत आले, हे ना दुकानदाराला कळते ना ग्राहकाला. दुकानदाराला सगळा दोष देण्यातही अर्थ नाही. पावतीसकट परवाना मागणारे गिऱ्हाईक फार थोडे.

गूगलवर ‘कस्टमर केअर’ शोधण्यात धोका काय?

खरी फसगत इथे होते. दुकान दूर, ओळखीचा फोन उचलत नाही, मग प्रिंटर कंपनीचे नाव आणि ‘कस्टमर केअर नंबर’ असे शोधले जाते. वर दिसणारा नंबर कंपनीचाच असेल याची खात्री नसते. ठग स्वतःचे नंबर जाहिरातीत, नकाशावर, बनावट पानांवर पेरून ठेवतात. दुसरा सापळा म्हणजे पूर्ण पडदा व्यापणारा लाल इशारा : ‘तुमचा संगणक लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा.’ मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. असा इशारा आला की ‘ऑल्ट’ आणि ‘एफ ४’ एकत्र दाबा. तरीही हटला नाही तर पॉवरचे बटण धरून संगणक बंद करा. तो फक्त संकेतस्थळाचा देखावा असतो.

हा धंदा मोठा आहे. मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून ‘तांत्रिक मदती’च्या नावाखाली परदेशी नागरिकांना लुटणारी कॉल सेंटर्स ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयच्या ‘ऑपरेशन चक्र २’मध्ये उघडी पडली. त्या मोहिमेत देशभर ७६ ठिकाणी छापे पडले. त्याआधी, फेब्रुवारी २०१९ मध्येच रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’सारख्या ॲपमधून दूरून ताबा घेऊन खाती रिकामी होत असल्याबद्दल बँकांना सावध केले होते.

मग दूरून मदत घ्यायचीच नाही का? घ्यायची. पुण्यात शिकणारी भाची विंडोजमधल्याच ‘क्विक असिस्ट’ने गोंडपिपरीतला पडदा बघून दहा मिनिटांत काम करू शकते. साधन वाईट नाही. समोर कोण आहे हे महत्त्वाचे. ताबा फक्त ओळखीच्या माणसाला, तोही आवाज ओळखून, आणि त्या वेळी बँकेचे पान बंद ठेवून. कंपनीचा नंबर हवा असेल तर तो खोक्यावर, बिलावर किंवा कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. दुरुस्तीसाठी ओटीपी, एटीएम पिन किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही.

पैसे गेलेच तर?

लाज बाळगू नका, वेळ घालवू नका. लगेच १९३० वर फोन करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही कळवा. २०२१ मध्ये सुरू झालेल्या या यंत्रणेतून पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी रोखता येतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार ग्राहकाने स्वतः पिन दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे, कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे फोन करायला लागलेला प्रत्येक तास तुमच्या खिशातला आहे. त्या संगणकाचे इंटरनेट तोडा आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला.

जुन्या विंडोजचे काय?

जुलै २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १०ची नियमित मोफत सुरक्षा दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही, पण नव्या फटी बुजवणे थांबले. घरगुती ग्राहकांसाठी मायक्रोसॉफ्टने जादा मुदतीची योजना आणली. ‘विंडोज अपडेट’च्या पानावर नोंदणीचा पर्याय दिसतो का बघा. विंडोज ११साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सोय आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे अनेक संगणक त्यात बसत नाहीत.

म्हणून लगेच नवा घ्यावा असे नाही. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर मरगळलेला संगणक पुन्हा कामाचा होतो. फक्त लेखन, अभ्यास आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर त्यावर मोफत लिनक्स टाकता येते. मात्र प्रिंटर आणि डिजिटल स्वाक्षरीचे उपकरण त्यावर चालते का, हे आधी तपासावे.

यंत्र जुने असो वा नवे, कागदपत्रांची दुसरी प्रत हवीच. दाखले डिजिलॉकरमध्ये, फोटो आणि हिशेब एका बाहेरच्या डिस्कवर. ती डिस्क नेहमी जोडून ठेवू नका. संगणकाला लागलेली कीड तिलाही लागते.

सरकारने काय करायला हवे?

यंत्र आणि प्रशिक्षण देण्यात सरकारने हात आखडला असे म्हणता येणार नाही. एमकेसीएलने २००१ पासून ‘एमएस-सीआयटी’ खेड्यापाड्यांत नेली. ग्रामपंचायतींत २०११ मध्ये ‘संग्राम’ आले, पुढे त्याचे ‘आपले सरकार सेवा केंद्र’ झाले. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या पंतप्रधान ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाचे लक्ष्य सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला २० तास शिकवण्याचे होते. या सगळ्याचा भर संगणक चालवण्यावर राहिला. तो थांबला तर काय, हा धडा राहून गेला.

ती उणीव गावात कोण भरून काढते? ग्रामपंचायतीचा संगणक परिचालक, सेतूतला मुलगा, शाळेतल्या संगणकाची माहिती असलेले गुरुजी. हे त्यांचे नेमून दिलेले काम नाही. परिचालकांना तर स्वतःच्या मानधनासाठीच वारंवार आंदोलने करावी लागली आहेत. त्यांच्या चांगुलपणावर डिजिटल महाराष्ट्र उभा करणे योग्य नाही.

यावर उपाय महागडा नाही. नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅममध्ये ऑक्टोबर २००९ मध्ये पहिले ‘रिपेअर कॅफे’ भरले. लोक बिघडलेली वस्तू घेऊन येतात, जाणकार स्वयंसेवक त्यांच्या सोबत बसून ती दुरुस्त करतो आणि मालक बघून शिकतो. पुढे ही कल्पना अनेक देशांत गेली. आपल्याकडे त्यासाठी परदेशी नाव नको की नवी इमारत नको. राज्यात चारशेहून अधिक शासकीय आयटीआय आहेत आणि ‘कोपा’ हा संगणकाचा अभ्यासक्रम अनेक ठिकाणी चालतो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांसाठी २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्या महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे होतात. नव्या शैक्षणिक धोरणात समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक आहेत.

हे धागे जोडून आठवडी बाजाराच्या दिवशी तालुक्यात एक मदत टेबल मांडता येईल. बाजाराला लोक येतातच, संगणक पिशवीत घालून आणतील. टेबलावर निदेशक आणि चार विद्यार्थी, एक नोंदवही, एक रिकामी डिस्क, काही ‘सीआर २०३२’ सेल. गोंडी किंवा तेलुगू बोलणारा एखादा विद्यार्थी असेल तर कस्टमर केअरच्या फोनवर न मिळणारी सोय इथे मिळेल. मोठी दुरुस्ती दुकानदाराकडेच जाईल. त्याची पोटदुखी होण्याचे कारण नाही, उलट त्याच्याकडे नेमका बिघाड लिहिलेले गिऱ्हाईक येईल. आणि त्या नोंदवहीतून कोणत्या गावात वीज संगणक मारते, कुठे बनावट कॉल वाढले, कोणत्या अर्जावर लोक अडकतात, हे प्रशासनाला घरबसल्या कळेल.

लोकसेवा हक्क कायदा राज्यात २०१५ मध्ये आला आणि ठरलेल्या मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. त्या सेवेचे दार आता संगणकाच्या पडद्यातून उघडते. अशा वेळी पडदा काळा पडला तर चंद्रपूरपर्यंत जायचे भाडे कोणाकडे आहे, यावर हक्क मिळणार की नाही हे ठरू नये. टेबल मांडले जाईल तेव्हा जाईल. तोवर घरातल्या संगणकाशेजारी एक वही ठेवा, कंपनीचा खरा नंबर आणि १९३० तिच्या पहिल्या पानावर लिहा, आणि आज संध्याकाळी फोटोंची दुसरी प्रत करून ठेवा.